अडीअडचणीचं बटण

हिवरखोरीच्या पाण्याच्या टाकीचा त्या उन्हाळ्यात एकच उपयोग उरला होता, तो म्हणजे रेंज. खाली गावात रेंज यायची-जायची, बोलणं मधेच तुटायचं. टाकी उंच होती, कोरडीठाक होती आणि वर जायला लोखंडी शिडी होती. कुणाला जावयाशी भांडायचं असेल, कुणाला सोयरीक मोडायची असेल, तर तो माणूस शिडी चढून वर जायचा आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं गुपचूप बोलायचा. टाकी बांधली तेव्हा तिच्यावर 'पाणी हेच जीवन' असं रंगवलं होतं. त्यातलं 'पाणी' उन्हानं उडालं होतं. 'हेच जीवन' तेवढं उरलं होतं.

रामकिसन साळव्यांची करुणा ह्या टाकीवर बसून वेबसाइट करायला शिकत होती.

मांडीखाली गोणपाट घ्यायचं, नाहीतर सिमेंट भाजायचं. ओढणी डोक्यावरून फोनवर ओढायची, म्हणजे स्क्रीन दिसायची. अंगठ्यानं एकेक ओळ लिहायची. एक खूण विसरली की सगळं पान पांढरं व्हायचं, मग ती खूण शोधत बसायची, डोक्यातली ऊ शोधावी तशी. खाली पाहिलं की शेंद्र्याच्या कंपन्यांचे पत्रे चकाकायचे. कंपन्यांच्या आवारात हिरवळ होती आणि तिच्यावर फवारा गोल गोल फिरायचा. कंपन्या आणि गाव ह्यांच्यामधल्या रानात प्लॉटिंगवाल्यांनी कमानी उभ्या केल्या होत्या. कमानीतून आत गेलं की परत रानच लागायचं.

'फुल स्टॅक' हा शब्द घरात रामकिसननं आणला. तो एका बोल्टच्या कंपनीत गेटवर वॉचमन होता. एका साहेबाची गाडी आत घेताना त्यानं धीर करून विचारलं होतं, "सायेब, पोरीनं काय शिकावं?" साहेब घाईत होते. "फुल स्टॅक," ते म्हणाले आणि काच वर केली. रामकिसननं तो शब्द ड्यूटी संपेपर्यंत ओठातल्या ओठात घोळवला, मोपेडवर घोळवला आणि घरात पाऊल टाकताच गीताबाईच्या पुढ्यात ठेवला. गीताबाई म्हणाली, "ते किती वर्षांचं असतंय?" ते त्याला माहीत नव्हतं. काच वर गेली होती.

क्लास शहरात, सिडकोत होता. मिहिर सर पहिल्या दिवशी म्हणाले, "फ्रंटएंड म्हणजे हॉटेलचा हॉल. गिऱ्हाईक बसतं तो. बॅकएंड म्हणजे किचन. डेटाबेस म्हणजे कोठीची खोली. तिन्ही एकाच माणसाला आलं की तो फुल स्टॅक."

करुणाला ते लगेच कळलं, पण हॉटेलमुळे नाही. गावात टँकर यायचा तेव्हा पारापासून भीमनगरापर्यंत हंड्यांची रांग लागायची. ती सगळ्यांना दिसायची. पण रांग कुठून सुरू करायची, कुणाला किती द्यायचं, हे तात्यासाहेबांच्या ओट्यावर ठरायचं आणि तिथं काही दिसायचं नाही. तात्यासाहेब गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते.

सरांनी जोड्या लावल्या. करुणाला सावनी मिळाली. सावनी सिडकोतलीच होती, तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता, आणि ती डबा उघडला की आधी करुणाच्या पुढ्यात सरकवायची. "तू पुढचं कर, मी मागचं करते," ती म्हणाली. "सर्व्हर माझ्या अकाउंटवर टाकू. तुला त्याची कटकट नको." करुणाला बरं वाटलं. कुणीतरी आपली कटकट वाचवतंय, हे तिच्या आयुष्यात नवीन होतं.

प्रोजेक्ट खऱ्या आयुष्यातल्या अडचणीवर हवा, असं सरांनी सांगितलं होतं. निम्म्या वर्गानं पिझ्झाची दुकानं काढली. करुणानं टँकरचा नंबर काढला.

हिशेब सोपा होता. भीमनगर, म्हणजे करुणाची वस्ती, गावाच्या शेवटाला, म्हणून रांगेच्याही शेवटाला. पाइप तिथवर यायचा तेव्हा त्यातून पाण्यापेक्षा हवा जास्त यायची. पाइप खोकायचा आणि टँकरवाला तो गुंडाळायचा. करुणानं ठरवलं, रोज रांग फिरवायची. काल जिथं पाणी संपलं, तिथून आज सुरू. फोनवर नाव टाकायचं, नंबर दिसेल. एवढंच.

गावाला ते पटवणं अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. पण तालुक्याचे साहेब पाहणीला येणार होते आणि तात्यासाहेबांना त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. कोरडी विहीर सगळीच गावं दाखवत होती. "पोरीचं घेऊ आपण," ते म्हणाले. "डिजिटल."

नावनोंदणी करुणाच्या फोनवरून करायची ठरली. ज्या सकाळी सुरू करायची, त्या सकाळी गीताबाई झाडलोट करायला बाहेर आली आणि ठेच लागून खाली बसली. दारात दगड होते. दारापासून समाजमंदिरापर्यंत एकामागं एक दगड.

हिवरखोरीत रांग माणसांची नसायची. उन्हात कोण उभं राहणार? आधी हंडे ठेवायचे. हंडे चोरीला जाऊ लागले तेव्हा हंड्याच्या जागी दगड ठेवायची पद्धत पडली. कुणाचा दगड कुठला ते सगळ्यांना पाठ होतं. तर ऑनलाइन नंबर लावायला लोकांनी पहाटेच येऊन दगड लावले होते.

"आत्या, आता दगड लावायचा नाय," करुणा शेजारच्या दगडाबाईला म्हणाली. दगडाबाई म्हातारी, एकटी. मुलगा पुण्याकडं होता आणि तिकडचाच झाला होता. "फोनमध्ये नंबर लागतो. दगड नको म्हणून तर हे केलंय."

"व्हय गं बाई, पण फोनमधी नंबर लावायला नंबर लागंल का नाय?"

ह्यावर मिहिर सरांनी काही शिकवलेलं नव्हतं. करुणानं दगडांच्या क्रमानं नावं टाकली. काहीजणांनी नोंद झाल्यावरही दगड नेले नाहीत. फोन बंद पडला तर असावा म्हणून.

पहिल्या दिवशी पाइप भीमनगरातून सुरू झाला.

दगडाबाईचा हंडा पहिला. टँकरवाल्यानं पाइप पुढं केला तर ती हंडा मागं घ्यायला लागली. "आधी वरच्यांचं व्हऊ दे," ती म्हणाली. तिला ते सवयीनं आलं. मग पाणी हंड्यात पडलं, भरलेल्या पाइपचं जाड, जड पाणी, आणि त्या जोरानं हंडा तिच्या हातातून निसटायला लागला. बायका हसल्या. तीही हसायला लागली. एकीनं करुणाच्या तोंडावर पाणी मारलं. पाणी असं वाया घालवलं म्हणून दुसरीनं पहिलीला शिवी दिली आणि तिनंही ओंजळ मारली. गीताबाई बाजूला उभी राहून पदरानं लेकीचं तोंड पुसत होती आणि कुणी पाहतंय का ते पाहत होती.

आठवडाभर तसं चाललं. तालुक्याचे साहेब आले, फोटो काढून गेले.

मग एका संध्याकाळी तात्यासाहेब स्वतः भीमनगरात आले. निवडणूक नसताना ते इकडं येत नसत, म्हणून लोक दारात येऊन उभे राहिले. रामकिसननं खुर्ची पुसून टाकली. ते बसले नाहीत. गीताबाईनं चहा आणला. "आत्ताच झाला," ते म्हणाले. कप तसाच खुर्चीवर राहिला आणि त्यावर माशी बसली.

"करुणा, पोरी, काम झकास केलंस. फक्त एक बटण पायजे त्याच्यात. अडीअडचणीचं. आता समज, कुणाकडं मयत झाली. कुणाची लेक बाळंत व्हायला आली. त्याचा नंबर शेवटी असला तर त्यानं काय करावं? बटण दाबायचं, नंबर पुढं. बटण माझ्याच फोनवर ठेव. दुसऱ्या कुणाला त्याचा ताप नको."

"मयत झाली तर लोक असंही पाणी देतात, तात्यासाहेब. आजवर दिलंच की. बटण नाय देता येणार. एकदा बटण आलं की रांग राहत नाय."

रामकिसन मधे बोलला, "करुणे, मोठ्या माणसाला असं एकदम..."

"असू दे, असू दे. शिकलेली हाय," तात्यासाहेब हसले. "रामकिसन, ड्यूटीवर चालला का? चल, तुला फाट्यावर सोडतो."

रामकिसनची मोपेड दारात उभी होती. तरी तो तात्यासाहेबांच्या गाडीवर मागं बसला. भीमनगरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि करुणालाही बापाचा, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यापासून भीमनगर खाली सरकायला लागलं.

आधी थोडंसं. मग पुरतं. पाइप पुन्हा खोकायला लागला. सकाळी पानावर दगडाबाईचा नंबर वर दिसायचा, टँकर येईपर्यंत तो खाली गेलेला असायचा. तात्यासाहेब पारावर फोन धरून नावं वाचायचे. कुणी तक्रार केली की फोन त्याच्यापुढं धरायचे. "मी काय करू? कॉम्प्युटर म्हणतो तसं. तुमच्याच पोरीचा कॉम्प्युटर."

"काय गं करुणे," दगडाबाई रिकामा हंडा कंबरेवर घेऊन दारात आली. "सकाळी म्हणतंय पहिली, दुपारी म्हणतंय शेवटची. ताप-बिप आलाय का त्याला?"

"माझंच काहीतरी चुकलंय, आत्या. शोधायलेय मी."

आणि ती खरंच शोधत होती. टाकीवर, बसमध्ये, क्लासमध्ये. आपल्या हातानं लिहिलेली प्रत्येक ओळ तिनं शिवण उसवावी तशी उसवली, परत घातली. चूक सापडेना. सावनीला विचारलं तर सावनी म्हणाली, "माझ्याकडून सगळं ओके आहे यार. तुझ्या साइडला बघ ना." करुणानं परत आपल्या साइडला बघितलं. शिकाऊ माणसाला चूक आपलीच असणार ह्याची खात्री असते, त्यावर कितीतरी लोकांचं चालतं.

ती दगडाबाईच्या घरी गेली, माफी मागितली. म्हातारीनं तिला गुळाचा खडा दिला. प्यायला पाणी दिलं नाही. लाजून म्हणाली, "पाणी उद्या देते."

घरात मात्र त्या दिवसांत तंगी नव्हती. रामकिसन ड्यूटीवरून येताना मोपेडला दोन्हीकडं कॅन बांधून पाणी आणायचा. "कंपनीचं हाय," म्हणायचा. "साहेब चांगला हाय." मोरीतला ड्रम कधी निम्म्याखाली जात नव्हता. क्लासमध्ये प्रोजेक्ट दाखवायचा दिवस आला तेव्हा तो सकाळीच म्हणाला, "डोक्यावरून न्हा आज. चार लोकांपुढं उभं राहायचंय." करुणानं डोक्यावरून आंघोळ केली, कितीतरी दिवसांनी. केसांतून बोटं फिरवताना पाणी मानेवरून पाठीवर उतरत होतं आणि तिला बापाची माया आली. दोन तांबे जास्तीच घेतले.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांच्याच प्रोजेक्टला पडल्या. सावनी लॅपटॉपवरून एकेक भाग दाखवत होती. "आणि हे युनिक फीचर. इमर्जन्सी प्रायॉरिटी. ॲडमिन बटण दाबतो, कारण टाकतो, नंबर वर."

करुणा तिच्या शेजारी उभी होती. चेहऱ्यावर टाळ्यांचं हसू तसंच राहिलं होतं. ते कसं काढावं ते तिला कळेना.

बाहेर जिन्यात तिनं सावनीचा हात धरला. "हे कधी टाकलं?"

"अगं, मागेच. तुझ्या गावचे ते तात्यासाहेब, त्यांनी फोन केला होता. क्लायंट आहेत ना ते. क्लायंट मागेल ते द्यायचं असतं. ते मला सर्टिफिकेट पण देणारेत, ग्रामपंचायतीचं."

"मी चूक शोधत होते. रोज तुला विचारत होते. तू म्हणालीस, माझ्या साइडला बघ."

"चूक नव्हतीच ना! फीचर होतं." सावनी खरोखर गोंधळली. मग तिनं लॅपटॉप पायरीवर ठेवून उघडला. "हे बघ. कारण टाकल्याशिवाय बटण चालतच नाही. मी इतकी पण बेजबाबदार नाहीये."

कारणं होती. वरच्या आळीत त्या काळात एवढ्या मयती झाल्या होत्या, की गावात माणूस उरायला नको होता. एकाच घरात एक सून सलग दोनदा बाळंत झाली होती, मधल्या मंगळवारची सुट्टी घेऊन. कुणाच्या म्हशीला पाहुणे येणार होते. तात्यासाहेबांच्या आईचं, सत्यभामाबाईचं, तेरावं दोनदा झालं होतं. सत्यभामाबाई त्या सकाळीच पारावर बसून सुपारी कातरताना करुणाला दिसली होती.

"तू मला एकदा विचारायचं होतंस, सावनी."

"विचारलं ना! म्हणजे मी म्हटलं त्यांना, करुणाला विचारायला हवं. तर दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. तुझ्या पप्पांचा. ते म्हणाले, मी तिचा बाप बोलतोय, ती हो म्हणते, तुम्ही टाका." सावनीनं तिच्याकडं पाहिलं. "तू म्हणाली नव्हतीस?"

 करुणाच्या डोळ्यांपुढं मोपेडवरचे कॅन आले. फाटा गावाच्या अलीकडं होता. टँकर गावात यायच्या आधी फाट्यावरून यायचा.

सकाळी रामकिसन रात्रपाळी करून आला. कॅन उतरवले. मोरीत बसून पायांवर पाणी घेतलं.

"पप्पा, हे कुठलं पाणी?"

"कंपनीचं. सांगितलं ना."

"सावनी म्हणाली, तुम्ही फोन केला होता."

रामकिसननं तांब्या खाली ठेवला. चुलीपुढं गीताबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्या थांबलेल्या हाताकडं बघूनच कळत होतं.

"पहिलंच बटण त्यानं माझ्यासाठी दाबलं," रामकिसन म्हणाला. बोलताना तो पायाच्या बोटांमधली माती काढत होता. "म्हणाला, चालतंय का ते तुझ्यावरच बघू, फाट्यावरच कॅन भरून घेत जा. मी काय करायचं व्हतं? मी गेटवर उभा राहतो, करुणे. सायबाची गाडी आली की मी तिला विचारतो का, तुमचा नंबर कितवा? उघडतो. सगळीकडं तसंच असतंय. पहिल्यांदा आपल्यासाठी कुणी गेट उघडलं."

"दगडाआत्याच्या घरी प्यायला पाणी नाय."

"आणि तू क्लासला कशी जात व्हतीस?" तो एकदम चिडला. "धुतलेला ड्रेस घालून जायचीस ना? तिथल्या पोरींच्या शेजारी बसायला? ते पाणी कुठून येतंय, एवढी शिकलेली तू, तुला एकदा तरी वाटलं का इचारावं? कारण काय टाकलं माहीत हाय का त्यानं? 'मुलीचं शिक्षण.' खोटं हाय का ते? सांग की, खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. त्या सगळ्या मयती आणि बाळंतपणांमध्ये ते एकच कारण खरं होतं.

करुणा न जेवता निघाली. क्लासमध्ये एक कॉम्प्युटर रिकामा होता. सावनीच्या अकाउंटला तिचा हात पोहोचत नव्हता. बटण काढता येत नव्हतं, नंबर बदलता येत नव्हते. पण पुढचं पान तिचं होतं. मागून, सावनीच्या सर्व्हरवरून, सगळीच माहिती यायची, सावनी त्यात निवडत बसायची नाही. काय दाखवायचं ते करुणा ठरवायची. आजवर ती नाव आणि नंबर दाखवायची. आज तिनं आणखी एक रकाना काढला. कुणासाठी बटण दाबलं आणि कारण काय, सगळं दिसेल असा. तिला हे कुणाला न विचारता करता आलं. पहिल्या प्रयत्नात. एकही खूण विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि कुणी हंडाच पुढं करेना. सगळे फोनमध्ये. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरे वाचून दाखवत होते. सत्यभामाबाईला कुणीतरी तिच्या दोन तेराव्यांबद्दल सांगितलं. ती काठी टेकत लेकापाशी गेली आणि सगळ्यांसमक्ष विचारलं, "तात्या, पयल्या खेपेला मी वर पोचले नव्हते का रं?" लोक हसले. तात्यासाहेबही हसले. फोन कानाला लावून, रेंज नसताना, ते बोलत बोलत घराकडं गेले.

पण यादीत सगळ्यांत वर सत्यभामाबाई नव्हती. पहिलं बटण ज्याच्यासाठी दाबलं तो वर होता. रामकिसन साळवे. कारण, मुलीचं शिक्षण.

भीमनगरातल्या बायका हसल्या नाहीत. गीताबाई रांगेत उभी होती, तिच्या पुढची बाई थोडी पुढं सरकली, मागची थोडी मागं. मधे गीताबाई आणि तिचा हंडा. दगडाबाई करुणाजवळ आली. तिच्या वेणीवरून एकदा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, हळूच.

"केस लई चमकायलेत गं तुझे," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी सावनीचे फोन येत होते. पान काढून टाक म्हणत असणार, पान बनवणाऱ्यांत खाली तिचंही नाव होतं. करुणानं उचलले नाहीत. रामकिसन त्या दिवशी ड्यूटीवर गेला नाही. कुणाचा तरी स्मार्टफोन मागून आणला होता, भिंतीला टेकून पान बघत बसला होता. गेटवरची वही लिहून लिहून त्याला वाचायची सवय होती. तो बोटानं पान वर ढकलायचा, ते परत खाली यायचं. वर पहिलंच नाव.

"करुणे."

ती ओढणीची चुंबळ करत होती.

"हे माझं नाव तेवढं जरा बारीक करता येत नाय का गं?"

"येतं," करुणा म्हणाली.

तो वाट बघत राहिला. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, रिकामा हंडा उचलला आणि शेंद्र्याच्या रस्त्याला लागली. तिकडं पाणी विकत मिळायचं, तिथं रांगेत ओळखीचं कुणी नसायचं.